जुनी कॅमॅरो दारात येईपर्यंत किती पडते?

जाहिरात अशी होती: १९६९ची शेवरले कॅमॅरो, एसएस ३९६, इंजिन मूळचंच, ‘फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन’, रंग लाल, ६८ हजार डॉलर. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने रात्री अकराला फोन केला. “दादा, शनिवारी माझ्याबरोबर येशील का? तू बघितल्याशिवाय मी चेक लिहिणार नाही.” पंधरा वर्षं त्याने ही एक हौस राखून ठेवली होती. शनिवारी सकाळी विजेरी, छोटा आरसा, रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणि अंगाखाली टाकायला जुनी चादर घेऊन आम्ही पेनसिल्व्हेनियाचा रस्ता धरला.

गाडी दिसायला फार देखणी होती. बॉनेटवर ट्यूबलाइटची रेघ सरळ उमटत होती, क्रोम आरशासारखं होतं. भावाचे डोळे मला दिसत होते, आणि ते डोळे विक्रेत्यालाही दिसत होते. म्हणून पहिली सूचना अशी की, गाडी बघायला जाताना ज्याचा जीव त्या गाडीत अडकलेला नाही असा एक माणूस बरोबर न्या. त्याच्यासाठी एक दिवसाचा खर्च झाला तरी चालेल.

जाहिरातीतला एक शब्द मला घरीच खटकला होता. ‘फ्रेम-ऑफ’ म्हणजे बॉडी चॅसीवरून पूर्ण उचलून केलेलं काम. कॅमॅरोला सलग चॅसी नसतेच. पुढे इंजिन पेलणारी एक सब-फ्रेम बोल्टने जोडलेली असते, बाकी सगळी गाडी म्हणजे पत्र्याचं एकसंध कवच. त्यामुळे फ्रेमवरून बॉडी उचलण्याचा प्रश्न येत नाही. कॅमॅरोचं सखोल काम करतात तेव्हा ते कवच फिरत्या सांगाड्यावर चढवतात आणि उलटंसुलटं करून तळापासून पत्रा दुरुस्त करतात. त्याला रोटिसरी म्हणतात. शब्द चुकला म्हणून विक्रेता खोटा ठरत नाही, पण नेमकं काय काय सुटं केलं होतं आणि त्याचे फोटो कुठे आहेत, हे तिथेच विचारायचं.

नंबर काय सांगतात, काय सांगत नाहीत

१९६९च्या कॅमॅरोचा कारखान्यात दिलेला ओळख-नंबर १३ अक्षरांचा असतो आणि पुढच्या काचेतून डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला दिसतो. सुरुवात १२४३७९एन अशी असेल तर त्याचा अर्थ असा: १ म्हणजे शेवरले, २४ म्हणजे व्ही-८ इंजिनाची कॅमॅरो, ३७ म्हणजे दोन दारांची कूपे, ९ म्हणजे १९६९चं मॉडेल, एन म्हणजे ओहायोतल्या नॉरवूडचा कारखाना. एनऐवजी एल असेल तर गाडी कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसची. उरलेले सहा आकडे अनुक्रमांक. सहा सिलिंडरची गाडी १२३ने सुरू होते.

म्हणजे या नंबरावरून गाडी व्ही-८ आहे एवढंच कळतं. ती एसएस किंवा झी-२८ अशी जास्त ताकदीची होती की साधी, हे त्यात कुठेच नसतं. फोर्ड मस्टँगच्या नंबरातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. कॅमॅरोत ती सोय नाही, म्हणून साध्या कॅमॅरोवर एसएसचे बिल्ले आणि ३९६ इंजिन चढवून ती एसएसच्या भावात विकण्याचा मोह फार जुना आहे. अशा गाडीला तिकडे ‘क्लोन’ म्हणतात. क्लोन वाईट नसते, चालवायला तेवढीच मजा देते. फक्त तिचा भाव क्लोनचा असायला हवा.

मग पुरावा कुठे शोधायचा? बॉनेट उघडल्यावर फायरवॉलवर एक छोटी पत्र्याची पट्टी असते, तिला ट्रिम टॅग म्हणतात. तिच्यावरची ०३बी अशी खूण म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. नॉरवूडने डिसेंबर १९६८पासून या पट्टीवर एक्सने सुरू होणारा संकेत ठोकायला सुरुवात केली. एक्स २२ आणि एक्स ६६ म्हणजे एसएस ३९६, एक्स ३३ आणि एक्स ७७ म्हणजे झी-२८, एक्स ४४ म्हणजे साधी गाडी. व्हॅन नाइसच्या गाड्यांवर हा संकेत नसतो. पट्ट्यांच्या नकला बाजारात मिळतात, म्हणून पट्टीचे रिव्हेट आणि तिच्याभोवतीचा रंगही बारकाईने बघा.

इंजिनाचा शिक्का उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकच्या सपाट जागेवर असतो. ३९६ इंजिनं न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाला बनत, म्हणून शिक्का टीने सुरू होतो. पुढे जोडणीचा महिना, तारीख आणि संकेत, शेजारी गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग. कारखान्यात ही जागा यंत्राने तासलेली असते, त्यामुळे तिच्यावर एका दिशेच्या बारीक समांतर रेघा राहतात. जागा गुळगुळीत किंवा ग्राइंडरने घासलेली दिसली तर आकडे नव्याने ठोकलेले असण्याची शक्यता मोठी. याशिवाय ब्लॉकवर ओतकामाची तारीख उठावात असते. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, अशी ती बारा अक्षरं.

चादर टाकून मी गाडीखाली शिरलो. आरसा तिरका धरून विजेरी मारली तेव्हा तेलाच्या काजळीखाली एफ १० ९ दिसलं. १० जून १९६९. वर फायरवॉलवरच्या पट्टीवर ०३बी आणि एक्स ४४. म्हणजे गाडी मार्चमध्ये तयार झालेली, तीही साधी, आणि तिच्यातलं ‘मूळचं’ इंजिन ओतलं गेलं त्यानंतर तीन महिन्यांनी. भावाला खाली वाकून आरशातलं अक्षर दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. विक्रेत्याने खांदे उडवले, “मी घेतली तेव्हा मलाही एसएस म्हणूनच मिळाली.” तसं असूही शकेल, पण एक्स ४४ गाडीला ६८ हजार कोणी देऊ नयेत. आम्ही आभार मानून निघालो.

जनरल मोटर्सने त्या काळातल्या कॅमॅरोंच्या अमेरिकेतल्या विक्रीची गाडीनिहाय नोंद ठेवलेली नाही. फोर्डच्या १९६७पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट नावाचा नोंदींचा कागद मिळतो, पाँटियॅकसाठी पीएचएस या सेवेकडून कागद मिळतात, आणि मूळ कॅनडात विकली गेलेली कॅमॅरो असेल तर जनरल मोटर्सची कॅनडातली शाखा माहिती देते. अमेरिकेत विकलेल्या कॅमॅरोसाठी मूळ बिल, खिडकीवरचा किमतीचा कागद, कारखान्याचा बिल्ड शीट किंवा प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची वॉरंटीची छोटी धातूची पट्टी, यापैकी काही असेल तरच ‘खरी एसएस’ म्हणा. यातला एखादा अस्सल कागद असेल तर तो गाडीच्या भावात दहा-वीस हजारांची भर सहज घालतो. कागद नाही आणि विक्रेता शपथेवर सांगतो, तर साध्या गाडीचा भाव द्या.

पत्रा

माझ्या मते सगळा पैसा इथेच बुडतो. नवा रंग चढवणं हे यातलं सर्वांत स्वस्त आणि लवकर होणारं काम आहे. त्याच्या खाली काय आहे, ते महाग.

कॅमॅरो गंजते त्या जागा ठरलेल्या आहेत. पुढच्या काचेखालची हवेची पोकळी, जिथे पानं आणि पाणी साचतं. मागच्या काचेची खाच, विशेषतः व्हिनाइलचं छत असेल तर त्याच्याखाली. मागच्या चाकांवरचे पत्रे, डिकीचा तळ, पायाखालचा तळ, पुढच्या मडगार्डांची खालची टोकं आणि सब-फ्रेम जिथे बॉडीला बसते ते सांधे. काचेखालच्या पोकळीची परीक्षा सोपी: जाळीतून तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि आत पॅसेंजरच्या पायाशी हात लावून बघा. ओल लागली तर काच, डॅशबोर्ड आणि हीटर काढून काम करावं लागेल. ते काही हजार डॉलरच्या खाली होत नाही.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र शंभर-दीडशे डॉलरला मिळतं. नीट केलेल्या नव्या रंगाचा आकडा २००-३०० मायक्रॉनच्या आसपास येतो. तोच हजाराच्या वर गेला तर खाली लांबी भरलेली आहे. थोडी लांबी जवळजवळ प्रत्येक रिस्टोर केलेल्या गाडीत असते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मागच्या चाकाच्या कमानीवर जाड थर असेल तर आतला पत्रा बदललेला नाही, नुसता झाकला आहे. दोन-तीन वर्षांत तिथे रंगाला फुगे येतात.

अमेरिकेत चांगल्या रिस्टोरेशन गॅरेजचा दर तासाला शंभर ते दीडशे डॉलर आहे. तळापासून पूर्ण काम हजार तासांच्या खाली क्वचित उरकतं. म्हणजे नुसती मजुरीच लाखाच्या घरात जाते, शिवाय सुटे भाग, क्रोम आणि ३९६ इंजिन नव्याने बांधायचे सहा ते बारा हजार. एवढा खर्च करून गाडी विकणाऱ्याला तो सगळा परत मिळत नाही. म्हणून माझा ठाम सल्ला आहे की, मोडकी गाडी घेऊन ती करवून घेण्यापेक्षा दुसऱ्याने नीट केलेली, पावत्या आणि कामाचे फोटो जपलेली गाडी घ्या. स्वतःच्या हाताने काम करण्याची आवड आणि जागा असेल त्याची गोष्ट वेगळी, तो आनंद पैशात मोजता येत नाही.

कॅमॅरो आणि मस्टँगची एक बाजू फार चांगली आहे: जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. मडगार्ड, बंपर, गाद्यांची कव्हरं, रबरी पट्ट्या, एवढंच काय, १९६९च्या कॅमॅरोचं अख्खं बॉडीचं कवचही नवं बनतं. दुर्मीळ मॉडेल घेणाऱ्याला एकेका काचेसाठी वर्षभर थांबावं लागतं. पण नव्या कवचावर जुनी नंबरपट्टी उचलून लावलेली गाडी मात्र घेऊ नका. नंबरपट्टी काढणं, बदलणं हा तिथे फेडरल गुन्हा आहे आणि अशी गाडी जप्तही होऊ शकते. खातरजमेसाठी नंबराचा काही भाग हीटरच्या मागे फायरवॉलवर आणि काचेखालच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. तो डॅशबोर्डवरच्या नंबराशी जुळायला हवा.

भाव

ढोबळ अंदाज द्यायचा तर, रोज नाही पण आठवड्याला चालवता येईल अशी नीटनेटकी, साध्या व्ही-८ची १९६९ची कूपे ३५ ते ५० हजार डॉलरला मिळते. कागदानिशी खरी एसएस ३९६ किंवा झी-२८ साठ हजारांच्या पुढे सुरू होते आणि उत्तम असेल तर नव्वदच्या पलीकडे जाते. जुन्या अंगात आधुनिक इंजिन, ब्रेक आणि एसी घातलेल्या गाड्या, ज्यांना रेस्टोमॉड म्हणतात, त्या लाखाच्या वर सर्रास दिसतात. १९६९च्या मॉडेलच्या २,४३,०८५ कॅमॅरो बनल्या, म्हणजे साधी कॅमॅरो ही मुळीच दुर्मीळ वस्तू नाही. दुर्मीळ म्हणायची तर झेडएल-१, संपूर्ण ॲल्युमिनियमच्या ४२७ इंजिनाची. त्या फक्त ६९ बनल्या, आणि तेव्हा नुसत्या इंजिनासाठीच चार हजार डॉलरच्या वर जादा मोजावे लागत. ती गाडी आपल्या हिशेबाबाहेरची.

मोठ्या लिलावांत हातोडा पडला की विषय संपत नाही. खरेदीदाराकडून वर साधारण १० टक्के घेतात, म्हणजे साठ हजारांची बोली सहासष्टला जाते. त्यात गाडी चालवून बघायला मिळत नाही आणि ‘आहे तशी’ घ्यावी लागते. नवख्याने लिलावाला भाव शिकण्यासाठी जावं, पैसे घेऊन जाऊ नये. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला आणि ऑक्टोबरमध्ये हर्शीला जुन्या गाड्यांचे आणि भागांचे मोठे बाजार भरतात. तिथे एक दिवस फिरलं की महिनाभर स्क्रीनवर बघून कळत नाही तेवढं कळतं.

भावाच्या वर काय

त्या लाल गाडीनंतर चार महिन्यांनी भावाने ओहायोतली एक हिरवी कॅमॅरो घेतली. साधी कूपे, ३०७ घनइंची व्ही-८, २०० हॉर्सपॉवर, कोणताही बिल्ला नाही. एका निवृत्त शिक्षकाने ती बावीस वर्षं सांभाळली होती आणि तळाच्या कामाचे फोटो एका जाड फाइलमध्ये तारखेनिशी लावले होते. भाव ४२ हजारांवर ठरला. बाकीचा हिशेब त्याच्याच वहीतून देतो.

न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे २,७८२ डॉलर ५० सेंट. गाडी दुसऱ्या राज्यात घेतली तरी नोंदणीच्या वेळी हा कर आपल्या राज्यात भरावा लागतो, आणि लोक नेमका हाच विसरतात. स्थानिक तपासनिसाकडून दोन तासांची पाहणी, फोटोंसह, ४५०. बंद ट्रकमधून वाहतूक ९५०. उघड्या ट्रकने दोन-तीनशे वाचले असते, पण नव्या रंगावर खडी उडण्याचा धोका होता. टायटल आणि नोंदणीचे मिळून १५०. विमा वर्षाला ४८०.

पहिल्या वर्षीची डागडुजी २,८९०. टायरवरची नक्षी नवी होती, पण बाजूच्या चार आकड्यांवरून ते अकरा वर्षांचे निघाले. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चार टायर ६४०. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटर ५२०, ब्रेकच्या नळ्या आणि मागच्या ड्रमचे सिलिंडर ७८०, दारांच्या रबरी पट्ट्या ६१०, बॅटरी आणि वायरिंग ३४०. सगळं मिळून ४९,७०२ डॉलर ५० सेंट. म्हणजे ठरलेल्या भावावर १८ टक्के, आणि ही सांभाळलेली गाडी होती. मी सगळ्यांना वीस टक्के बाजूला ठेवून मगच घासाघीस सुरू करायला सांगतो.

विम्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. नेहमीच्या पॉलिसीत अपघातानंतर कंपनी घसारा धरून किंमत काढते, म्हणजे पंचावन्न वर्षांच्या गाडीला काय मिळणार! जुन्या गाड्यांसाठी ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसी असते. गाडीची किंमत आधीच दोघांनी मान्य करायची, गाडी पूर्ण गेली तर तेवढी रक्कम. ‘स्टेटेड व्हॅल्यू’ हा शब्द ऐकायला तसाच लागतो, पण त्यात कंपनी कमी देऊ शकते. पॉलिसीवरचा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. अशा पॉलिसीसाठी बंद गॅरेज आणि रोजच्या वापराला दुसरी गाडी, या अटी बहुधा असतात. घरी गॅरेज नसेल तर भाड्याच्या जागेचे महिना दीड-दोनशे खर्चात धरा.

कागदांत राज्याराज्यांत फरक आहे. न्यूयॉर्क १९७२ आणि त्याआधीच्या गाड्यांना टायटल देत नाही, तिथे नोंदणीचा कागदच मालकीचा पुरावा. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलांना धुराची चाचणी लागत नाही. न्यू जर्सीत ‘हिस्टॉरिक’ नंबरपाटी स्वस्त पडते, पण गाडी मूळ रूपात असावी लागते आणि वापर प्रदर्शनं, मेळावे एवढाच. दर रविवारी मुलांना घेऊन फिरायचं असेल तर साधी नंबरपाटीच घ्या. मैलांच्या आकड्यावर विसंबू नका, त्या काळचे मीटर पाच आकडी आहेत आणि लाखाला पुन्हा शून्यावर येतात.

चालवायचा खर्च मात्र लोक समजतात तेवढा नाही. वर्षाला दीड हजार मैल आणि गॅलनला दहा मैल धरले तर दीडशे गॅलन. ३०७ला साधं पेट्रोल चालतं. ३९६चं कॉम्प्रेशन १०.२५ला १ किंवा त्याहून जास्त, तिला महाग पेट्रोल लागतं. ही इंजिनं शिसं मिसळलेल्या पेट्रोलच्या काळातली आहेत. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६पासून पूर्ण बंद झालं. हेड उघडायची वेळ येईल तेव्हा व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घ्या, नुसतं त्यासाठी इंजिन उघडू नका. आजच्या पेट्रोलमधलं १० टक्के इथेनॉल जुनं रबर खातं, म्हणून नळ्या आधी बदलायच्या. आणि तेल घ्याल ते झिंकचं प्रमाण जास्त असलेलं, नाहीतर कॅमशाफ्टची टोकं झिजतात. पाच क्वार्टचे पन्नास डॉलर जातात, कॅमशाफ्ट बदलायला हजारांत.

ही गाडी पुढे पुण्या-मुंबईला न्यायचा विचार असेल तर खरेदीच्या आधी कस्टम एजंटकडून परदेश व्यापार महासंचालनालयाचा चालू नियम आणि कराचा आकडा लेखी घ्या. कर आणि वाहतूक मिळून गाडीच्या किमतीच्या पुढे जातात. भारतात २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. रोजच्या वापराला ती चालत नाही.

नोव्हेंबरात भावाने गाडी हिवाळ्यासाठी उभी केली. टाकी काठोकाठ भरून स्टॅबिलायझर घातलं, तेल बदललं, बॅटरीला छोटा चार्जर लावला, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात स्टीलवूल कोंबलं आणि स्टीअरिंगला तशी चिठ्ठी बांधली, वसंतात काढायची आठवण राहावी म्हणून. मग शिक्षकांच्या त्या फाइलमध्ये मागे नवीन कप्पा लावून टायरची पावती आत सरकवली.